कांचेच्या पेटींत कोणता बेडूक ठेवावा?

जळगांवच्या एका भगिनींचें पत्र समोर आहे. पत्र चांगलें चार पानांचें असून त्यांत बेडकांपेक्षां माणसेंच अधिक आहेत. घर मोठें, लहानथोर मिळून चौदा माणसांचें. थोरल्या दिरांचा मुलगा पुण्यास शिकतो. तो यंदा सुटींत घरीं येतांना एक बेत घेऊन आला. बैठकीच्या खोलींत चार फूट लांबीची कांचेची पेटी करावयाची. तिच्या पाठीशीं दगडांचा लहानसा धबधबा, खालीं पाण्याचें कुंड, भोंवतीं शेवाळ व नेचे. आणि या सर्वांत रंगीबेरंगी परदेशी बेडूक. धाकट्या मुलांनीं बेत लगेच उचलून धरला. सासूबाई म्हणाल्या, "दाराबाहेर काय कमी बेडूक आहेत म्हणून घरांत आणतां?" थोरल्या दिरांनीं खर्चाचा आंकडा विचारला आणि वर्तमानपत्र तोंडापुढें धरलें. राहतां राहिल्या या भगिनी. त्या लिहितात, "दादा, आपण या सदरांत विहिरी, तुळशी, गाई-मांजरें यांविषयीं लिहितां. तर बेडूक निवडावयाचा झाल्यास कोणता निवडावा? आणि निवडूंच नये असें आपलें मत असेल तर मुलांना पटेल असें कारण द्यावें. 'नको' एवढेंच उत्तर आमच्या घरांत चालत नाहीं."

प्रश्न गंमतीचा वाटतो. पण मला त्याची थट्टा करवत नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

बेडकाला पेटींत ठेवण्याची हौस नवी असली तरी त्याला मान देण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलांतील एकशें तिसरें सूक्त सबंध बेडकांवर आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांप्रमाणें निजून राहिलेले बेडूक पर्जन्य येतांच बोलूं लागतात, आणि गुरूमागें शिष्यानें म्हणावें तसें एकाचें बोलणें दुसरा म्हणतो, असें त्यांत वर्णन आहे. कोणाचा आवाज गाईसारखा, कोणाचा बोकडासारखा. एक ठिपक्यांचा, एक हिरवा. म्हणजे नांव एक असलें तरी यांच्या जाती अनेक आहेत, हें त्या ऋषींच्या कानांनीं व डोळ्यांनीं केव्हांच टिपलें होतें. पुढें आपण त्याच प्राण्याला कूपमंडूक म्हणून हिणविलें, आणि पाऊस लांबला कीं मुसळाला बांधून दारोदार फिरविलें, तो भाग निराळा.

त्या सूक्तांतील 'वर्षभर निजून राहिलेले' ही गोष्ट खानदेशांत अक्षरशः खरी आहे. आपल्या मैदानी मुलखांत वर्षाकाठीं पाऊस तीस इंचांहून कमी, आणि वैशाखांत पारा ४४-४५ अंशांवर. अशा ठिकाणीं पातळ, उघड्या कातडीचा प्राणी जगतो तो जमिनीखालीं दडून. बेडूक तोंडानें पाणी पीत नाहीं. तें तो कातडीनें, विशेषतः पोटाखालच्या कातडीनें, शोषून घेतो. श्वासहि फुप्फुसांप्रमाणेंच कातडीवाटे घेतो. म्हणून पाण्यांत जें जें असेल तें त्याच्या अंगांत जातें. नळाच्या पाण्यांतलें क्लोरिन, पेटी पुसलेल्या साबणाचा अंश, हाताला लागलेलें तेल, हें सारें त्याला बाधतें. ही एक गोष्ट मनांत पक्की धरली म्हणजे बेडूक पाळण्याच्या निम्म्या अडचणी आपोआप ध्यानांत येतात.

आतां पुण्याच्या चिरंजीवांच्या यादीकडे वळूं. तिच्यांत पहिलें नांव निळ्या-पिवळ्या विषारी बेडकांचें आहे. हे मध्य व दक्षिण अमेरिकेच्या दाट अरण्यांतले, बहुधा अंगठ्याएवढे प्राणी. त्यांचें विष त्यांना मुंग्या व तत्सम बारीक किड्यांच्या आहारांतून मिळतें, म्हणून पेटींत वाढलेल्यांच्या अंगीं तें राहत नाहीं. तेव्हां भिण्याचें कारण तें नव्हे. कारण हें कीं, त्यांना बारा महिने २२ ते २६ अंशांची सौम्य, दमट हवा लागते. जळगांवांत चैत्रापासून मृगापर्यंत ती हवा विजेच्या यंत्रानें रात्रंदिवस निर्माण करावी लागेल. एके दुपारीं चार तास वीज गेली कीं कांचेची ती पेटी उन्हांत ठेवलेल्या बरणीसारखी तापेल. शिवाय हे बेडूक आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादींत आहेत. २०२४ च्या नियमांप्रमाणें अशा परदेशी प्राण्यांची सरकारदरबारीं नोंद करणें बंधनकारक आहे. विकणाऱ्यानें "कागदपत्रें मागाहून देतों" असें म्हटल्यास तेथूनच परत फिरावें.

दुसरें नांव ऑस्ट्रेलियांतील हिरव्या वृक्षमंडुकाचें. इंग्रजींत त्याला व्हाइटचा बेडूक म्हणतात. रंगावरून नव्हे, तर १७९० सालीं ज्याच्या ग्रंथांत त्याचें वर्णन आलें त्या जॉन व्हाइट नामक शल्यवैद्यावरून. हा स्वभावानें शांत, अंगानें गुबगुबीत, आणि उष्मा त्यामानानें बराच सोसणारा. पेटीसाठीं सोपा बेडूक कोणता, एवढाच प्रश्न असता तर याचेंच नांव मीं सांगितलें असतें. परंतु तो पंधरा वर्षें व त्याहूनहि अधिक जगतो. चिरंजीव दोन वर्षांत नोकरीसाठीं बंगळूरला जातील, आणि बेडूक आपल्या काकूंच्या पदरांत राहील. एकत्र कुटुंबांत हौस एकाची आणि उस्तवार दुसऱ्याची, हें भगिनींना मीं वेगळें सांगावयास नको.

उस्तवार म्हणजे काय, तेंहि ऐकून ठेवावें. बेडूक भात खात नाहीं, पोळी खात नाहीं, सुकलेला मेलेला किडाहि सहसा घेत नाहीं. त्याच्या डोळ्याला हालणारी वस्तुच भक्ष्य म्हणून दिसते. तेव्हां दर दोन-तीन दिवसांनीं त्याला जिवंत रातकिडे किंवा झुरळें घालावीं लागतात, आणि तीं नित्य मिळावीं म्हणून घरांत डबे भरून पोसावीं लागतात. ज्या स्वयंपाकघरांत कांदा-लसणासाठीं स्वतंत्र पातेलें असतें, तेथें झुरळांचा डबा कोणत्या फडताळांत ठेवणार, हें सासूबाईंना विचारूनच ठरवावें.

धबधब्याविषयींहि एक गैरसमज आहे. वाहतें पाणी आपल्याला आवडतें म्हणून बेडकालाहि आवडतें असें नाहीं. झऱ्याच्या पाण्यांत रमणारे बेडूक आहेत; सह्याद्रींत तर असे आहेत कीं ज्यांचीं पिलें ओल्या कातळाला चिकटूनच वाढतात. पण पेटीसाठीं विकले जाणारे बहुतेक झाडावरचे किंवा ओलसर जमिनीवरचे. त्यांना पोहणें बेताचेंच येतें. खोल कुंड व जोराचा प्रवाह असेल तर बेडूक पाण्यांत बुडून मरतो, आणि हें ऐकून लोक हंसतात.

मी हंसत नाहीं, म्हणून आतां घरची गोष्ट सांगतों.

१९७० च्या सुमारास धुळ्याला आमच्या वाड्यांत आम्हां मुलांना असाच नाद लागला होता. काकांनीं जुन्या खिडकीच्या कांचा जोडून एक पेटी करून दिली. तींत आम्हीं न्हाणीघरांतले दोन झाडबेडूक घातले, दिव्याखालीं किडे टिपणारा एक खरबरीत भेक घातला, आणि वर शोभेला म्हणून पांझरेकांठच्या शेतांतून एक मोठा पिवळा बेडूक धरून आणला. पहिल्या पावसांत हा नर हळदीसारखा पिवळा होतो व गळ्याशीं दोन निळ्या पिशव्या फुगवून ओरडतो, तोच हा. रात्रभर आम्ही पेटीभोंवतीं होतों. सकाळीं उठून पाहतों तों एक झाडबेडूक नाहींसा झालेला, आणि दुसऱ्याचा पाय पिवळ्याच्या तोंडांतून बाहेर. भेक कोंपऱ्यांत अंग फुगवून बसलेला. आम्हीं पिवळ्याला शिक्षा करावयाची ठरविली. तेवढ्यांत आजी आली. ती म्हणाली, "त्याला रे कशाची शिक्षा? तुम्हींच त्याला पाटावर बसविलें आणि तुम्हींच ताटांत वाढलें."

निवडीचा पहिला नियम मला असा कळला. एका पेटींत एकच जात, आणि तींतहि सारख्या आकाराचे. बेडूक तोंडांत मावेल तें खातो. भेकाच्या कानशिलामागें विषाच्या ग्रंथि असतात. थोड्या, कोंडलेल्या पाण्यांत तें विष उतरलें तर सोबत्यांना घातक ठरतें. तें माणसाच्या डोळ्यालाहि झोंबतें, म्हणून त्याला हात लावल्यावर हात धुवावे. खरें तर कोणत्याहि बेडकाला हात लावल्यावर धुवावे.

आमचा तो उद्योग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा होण्यापूर्वींचा. आज मुलांनीं तसें करूं नये. शेतांतून किंवा ओढ्यांतून देशी बेडूक धरून घरीं कोंडणें कायद्याच्या कचाट्यांत येऊं शकतें. वनखात्याला विचारल्यावांचून त्या वाटेला जाऊंच नये. बेडकांचे पाय परदेशीं पाठविण्याचा व्यापारहि सरकारनें १९८७ सालीं बंद केला. आणि परदेशी बेडकाचा कंटाळा आला म्हणून त्याला मेहरूणच्या तलावांत सोडणें, हें तर त्याहून वाईट. बेडकांच्या व्यापाराबरोबर कातडीचा एक बुरशीजन्य रोग जगभर पसरला. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाप्रमाणें त्यानें ५०० हून अधिक उभयचर जातींची संख्या घटली आणि ९० जाती नामशेष झाल्या असाव्या. उलट दिशेचें उदाहरणहि आहे. आमचा तो पिवळा बेडूक, जो खानदेशांत शेतकऱ्याच्या पिकावरचे किडे खातो, तोच माणसांच्या हातून अंदमानांत पोहोंचला, आणि त्याचीं पिलें तेथल्या देशी बेडकांचीं पिलें खाऊं लागलीं. सज्जन पाहुणाहि भलत्या घरीं गेला कीं काय होतें पहा.

मग मुलांना काय सांगावें? माझें उत्तर असें : पेटी नको, पाणी करा. बेडूक आणूं नका. येईल असें करा. परसांत, अंगणांत किंवा गच्चीखालच्या मोकळ्या जागेंत एक कुंड बांधा. त्या पाण्याची खोली, त्याचा कांठ, तें किती दिवस टिकतें, यांवरच कोणता बेडूक येणार हें ठरतें. म्हणजे निवड होतेच. ती फक्त तिकडून होते.

पण हें सांगतांना माझी मान थोडी खालीं जाते. सात वर्षांपूर्वीं देवपुरांतल्या आमच्या घरीं मीं असें कुंड हौसेनें बांधविलें. अडीच फूट खोल, चारी बाजू सरळ उभ्या, आंतून गुळगुळीत निळी फरशी, मध्यें लहान कारंजें. पहिल्याच पावसाळ्यांत एका सकाळीं पाण्यांत काळ्या मण्यांच्या दुहेरी माळा पसरलेल्या दिसल्या. भेकाचीं अंडीं तीं. दोन-तीन दिवसांत शेंकडों काळे बेडूकमासे झाले. नात रोज शाळेंतून आली कीं दप्तर टाकून कुंडाशीं. मागचे पाय फुटले, मग पुढचे; शेपट्या आखडूं लागल्या. महिन्याभरानें एके दिवशीं तीं नखाएवढीं पिलें पाण्याबाहेर पडावयास निघालीं, आणि त्यांना बाहेर पडतां येईना. फरशीवर पाय ठरेना. शेपूट गेल्यावर तीं हवेवर जगतात. कांठ मिळाला नाहीं तर थकून बुडतात. आम्ही त्या दिवशीं एका लग्नाला गांवाबाहेर गेलों होतों. परतलों तेव्हां संध्याकाळ झाली होती. नातीनें तीं एकेक करून चाळणीनें काढलीं आणि मोजलीं. एकतीस. मग मला विचारलें, "आजोबा, यांना दार कां ठेवलें नव्हतें?"

उत्तर नव्हतें. दुसऱ्या दिवशीं गवंडी बोलावून एक बाजू फोडली आणि तेथें ओबडधोबड दगडांचा उतार केला. वांचलेल्यांनीं त्या उतारावरून वाट धरली.

म्हणून कुंड करणाऱ्यांनीं प्रथम उतार करावा, कारंजें मागाहून. उताराच्या टोंकाशीं पाणी दोन बोटें, मध्यें फार तर दीड फूट. कांठाला खडबडीत दगड, कांहीं फटी तशाच ठेवलेल्या. घरांत रांगतें मूल असेल तर पाण्यावर जाड जाळी बसवावी. सावली हवीच, पूर्वेचें ऊन पुरें. नळाचें पाणी भरल्यास दोन दिवस उघडें ठेवून मग वापरावें. पावसाचें मिळालें तर त्यासारखें दुसरें नाहीं. पंप अगदीं मंद असावा आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी, नाहींतर पिलें आंत ओढलीं जातात. मासे सोडूं नयेत. गप्पी मासे डांसांच्या अळ्या खातात हें खरें, पण ते बेडकांचीं कोंवळीं पिलेंहि सोडीत नाहींत.

येथें डांसांचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाहीं. "बेडूक आले कीं डांस गेले" हें म्हणणें अर्धेंच खरें आहे. बेडूक डांसांहून मोठे किडे अधिक खातो. डेंग्यूच्या दिवसांत सांचलेलें पाणी म्हणजे जबाबदारी. पाण्याचा पृष्ठभाग हालता ठेवावा, आणि आठवड्यांतून दोनदां पाहावें. डांसाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाशीं डोकें खालीं करून लोंबते व धक्का लागतांच वळवळत तळाशीं जाते. बेडूकमासा गोल डोक्याचा, शेपटी हालवीत फिरणारा. मुलांना हा भेद एका दिवसांत कळतो. अळ्या चहाच्या गाळणीनें काढाव्या. एवढें करण्याची ज्या घराची तयारी नसेल त्यांनीं कुंडाच्या नादीं लागूं नये.

आतां येणार कोण? पाणी बारमाही राहिलें तर पहिला येतो तो पाण्यावर डोळे काढून तरंगणारा, मळकट हिरवट ठिपक्यांचा बेडूक. चाहूल लागतांच हा पाण्याच्या पृष्ठावरून ठिकरीसारखा टप्पे घेत पळतो. फडांच्या पाटांतून, केळीच्या बागांच्या चाऱ्यांतून हाच दिसतो. भेक येईल, आणि रात्रीं दिव्याखालीं किडे टिपीत बसेल. सभोंवतीं झाडी असेल तर झाडबेडूक येईल. हा अंडीं पाण्यांत घालीत नाहीं, पाण्यावर ओणवलेल्या पानाला किंवा भिंतीला फेंसाचा गोळा चिकटवितो, आणि पिलें त्यांतून खालीं पाण्यांत गळतात. तो फेंस साबणाचा समजून कोणी धुवूं नये, एवढें मोलकरणीला सांगून ठेवावें. इंचभराहूनहि लहान असा एक कंगव्याच्या दात्यांवरून नख फिरविल्यासारखा ओरडतो. आवाज ऐकून माणूस भला मोठा प्राणी शोधतो आणि हा बोटाच्या पेरावर बसेल एवढा असतो. त्याचीं पिलें कांचेसारखीं पारदर्शक.

माझा आवडता मात्र कुंडींतला. गोल, ठेंगणा, मातकट रंगाचा. टांचेला फावड्यासारखी कड, आणि तिनें माती उकरीत पाठमोरा जमिनींत उतरतो. उन्हाळ्यांत मोगऱ्याची कुंडी बदलतांना हा ढेंकळासारखा हाताशीं येतो. वर्षभर मुकाट बसणारा वेदांतला व्रतस्थ तो हाच असावा, असें मी आपलें समजतों. या गोत्रांतील पश्चिम भारतांत आढळणाऱ्या एका जातीला शास्त्रज्ञांनीं २०१७ सालीं 'पश्चिमा' असें नांव देऊन वेगळें ओळखलें. म्हणजे आपल्या कुंड्यांत अजून काय काय निजलें आहे, याचा हिशेब पुरा झालेला नाहीं. सांपडल्यास त्याला तसाच, तितक्याच खोलीवर, ओलसर मातींत परत ठेवावा.

मोठ्या पिवळ्याला मात्र बोलावूं नये. आलाच तर हांकलूंहि नये. त्याला शेत हवें असतें, तो आपण होऊन जाईल. मुलांना पाहावयाचा असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर गांवाबाहेरच्या डबक्याशीं घेऊन जावें. तो सोहळा दोन-तीन दिवसांचाच असतो.

चिरंजीवांना माझा निरोप सांगावा : कांचेची पेटी वाया घालवूं नका. तींत शेवाळ व नेचे लावा, धबधबाहि करा, बेडकांवांचून ती छान दिसते. पेटीचे उरलेले पैसे काकूंच्या हवालीं करा आणि गवंड्याला मृगापूर्वीं बोलवा.

पत्राच्या शेवटीं सासूबाईंचा प्रश्न आहे कीं, बेडूक देवघरांत शिरला तर काय करावें. मीठ टाकूं नये. त्याच्या कातडीला तें जाळतें. हात पाण्यानें ओले करून, किंवा ओल्या फडक्यानें, त्याला अलगद उचलावा आणि बाहेर तुळशीपाशीं सावलींत सोडावा. रात्रीं देवघराच्या दाराखालीं फडक्याची सुरळी लावून ठेवली तर सहसा शिरत नाहीं.